कुंकवाचं कासव

कासव घरात नको, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या घरात माझं पहिल्या दिवशी कोणी ऐकत नाही. ऐकलं असतं तर माझ्या संसारातली निम्मी भांडणं झालीच नसती, आणि हे सगळं सांगायची वेळही आली नसती.

ओवी तेव्हा चौथीत होती. सुबोध, म्हणजे माझा नवरा, तिला घेऊन नव्या पेठेत शाळेचा गणवेश आणायला गेला आणि दोघं परत आली ती गणवेशाशिवाय. ओवीच्या हातात प्लॅस्टिकचा डबा, डब्यात दोन बोटं पाणी आणि पाण्यात कोटाच्या बटणाएवढं हिरवंगार कासव. डोळ्यांच्या मागं दोन्ही बाजूंना लालभडक रेघ. हे घरात असलं की भरभराट होते आणि हे एवढंच राहतं, वाढत नाही, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. सुबोध बँकेत कर्जाची प्रकरणं तपासतो. लोकांच्या कागदातली खोट त्याला लांबून दिसते, कासववाल्यानं मात्र त्याला सहज गुंडाळलं.

नाव अर्थातच बटण पडलं. आणि बटण वाढलं. वाटीतून घमेल्यात, घमेल्यातून टबात, आणि ओवी दहावीला पोचेपर्यंत ते चांगलं जेवणाच्या ताटाएवढं झालं. आता आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी येतं ते मधले चार-पाच दिवस टाकून. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी कॉलनी सण असल्यासारखी उठते आणि पिंपं, बादल्या, पातेली, मिळेल ते भरून ठेवते. लोक पाणी माणसांसाठी भरत होते. आम्ही एक अख्खं पिंप कासवाच्या अंघोळीसाठी भरत होतो. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा हिशोब मला रोज सकाळी टोचायचा आणि मी रोज सकाळी बोलून दाखवायची.

बारावीनंतर ओवी प्राणिशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि बटण अण्णांच्या वाट्याला आलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, चिंतामणी गुरव. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केलेला शांत माणूस. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. अण्णा आधीच कमी बोलायचे, ते जवळजवळ बंदच झाले. बोलायचे ते कासवाशी. टबाशेजारी स्टूल टाकून बसायचे आणि पेपरातल्या बातम्या त्याला वाचून दाखवायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. कोणाशी का होईना बोलतायत, म्हणून बरं वाटायचं, आणि आपल्याशी का बोलत नाहीत, म्हणून रागही यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली आणि निमित्त झालं. कासवाला सोडायचं ठरलं. कुठं सोडायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. माढ्याजवळ आमचं गाव आहे. तिथं महादेवाचं जुनं देऊळ आणि देवळापुढं दगडी पायऱ्यांची मोठी बारव. देवळाचं गुरवपण आमच्या घराण्याकडं. पूजा भाऊबंदांत पाळीपाळीनं चालते. महादेवापुढं नंदी आणि नंदीपुढं दगडी कासव सगळीकडं असतंच, शिवाय विहिरीत कासव असलं की पाणी नितळ राहतं असं आमच्याकडं मानतात. बारवेत पूर्वापार कासवं होतीच, ती देवाची. त्यांच्यात आमचं एक जाईल. यापेक्षा चांगली जागा कुठली? अण्णांनी नारळ घेतला, सुबोधनं गाडी काढली, भर दुपारी देवळात चिटपाखरू नसताना बटण पाण्यात गेलं. मी त्या दिवशी टब घासून पुसून उन्हात वाळत घातला आणि गोडाचं केलं. एवढा आनंद मला झाला होता.

मग अण्णांचे सोमवार सुरू झाले. दर सोमवारी सकाळच्या एसटीनं ते गावाला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. परत आले की बोलायचे! एसटीत कोण भेटलं, ज्वारी कशी आलीय, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं. रात्रीचं जेवण सोमवारी दुप्पट वेळ चालायचं. "बटण ओळखतं बरं का मला," असं सांगायचे. सासूबाई गेल्यानंतर घरातून गेलेला माणूस दर सोमवारी थोडाथोडा परत येत होता. कासवाचं मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात चांगलं चिंतलं.

अशी दोन वर्षं गेली. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ओवी घरी आली होती, माझीही शाळा बंद होती. ती म्हणाली, "आजोबा, या सोमवारी आम्हीपण येणार. मला बटणला बघायचंय." अण्णा चपापले. "कशाला उगीच? एसटीला गर्दी असते," म्हणाले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

देवळाच्या कमानीवर भला मोठा फ्लेक्स लागला होता. मधोमध पाण्यातून मान वर काढलेलं बटण. त्याच्याभोवती सोनेरी किरणं. खाली हात जोडलेले आबासाहेब, म्हणजे देवस्थानचे अध्यक्ष, आणि वर मोठ्या अक्षरांत 'श्री कूर्मराज महाराज'. ओवी बघतच राहिली. मी अण्णांकडं बघितलं. अण्णा चप्पल काढण्यात गुंतले होते. चप्पल काढायला एवढा वेळ लागलेला मी कधी पाहिला नाही.

बारवेवर बायकांची रांग होती. हातात चुरमुरे, फुटाणे, हळदकुंकू. मुक्ताबाई आमच्या सासूबाईंची मैत्रीण. देवळाशेजारीच राहते, रोज पहाटे पायऱ्या झाडते. तिनं मला ओळखलं आणि दंडाला धरून पुढं नेलं.

"बघ गं वैदेही, कसं हाय! कपाळाचं कुंकू दोनी बाजूला ओघळल्यागत. कुणी आणलं न्हाय का सोडलं न्हाय. आपोआप वर आलं बारवेतनं. सोयंभू हाय!"

"असं कोण म्हणतं?" मी विचारलं.

"कोण म्हंजे? ह्ये कुटनं आलं, आबासाहेबांनी अण्णांनाच इचारलं की. आमच्या सूनबाईचे दिवस भरत आलते तवा. अण्णा म्हणले, देवाची इच्छा. आता गुरवानंच सांगितल्यावर आनि काय पायजे? मी ह्येलाच नवस बोलले. नातू झाला!"

तेवढ्यात अण्णा पायऱ्या उतरून पाण्याशी गेले आणि सगळी रांग बाजूला झाली. त्यांनी पाण्यात बोटं हलवली. बटण सरळ त्यांच्याकडं आलं आणि त्यांच्या तळहातावर हनुवटी टेकून थांबलं. बायकांनी हात जोडले. एक म्हातारी अण्णांच्याच पाया पडली. आणि आमचे अण्णा, ज्यांना पाटबंधारे खात्यात शिपाईसुद्धा 'अहो गुरव' म्हणून हाक मारायचा, ते पाठ ताठ करून बसले होते. चेहऱ्यावर इतकं सुख होतं की मला हसू आलं नाही.

ओवीही हसत नव्हती. ती वरच्या पायरीवर गुडघ्यांना मिठी मारून पाण्याकडं बघत बसली होती. जेवायला हाक मारली तरी उठली नाही. शेवटी मीच तिच्याशेजारी जाऊन बसले.

"आई, नीट बघ," ती म्हणाली. "बटण एकटं नाहीये."

बघितलं तर खरंच. पलीकडच्या पायरीवर ऊन खात लालरेघी कासवांची ओळ लागली होती, लहानमोठी. बटणची कीर्ती सोलापूरपर्यंत गेली होती. घरात कासव मोठं झालं, टबात मावेना, की लोक ते इथं आणून देवाच्या पायाशी सोडत होते. माणसं सुटत होती आणि वर पुण्यही मिळत होतं. आमच्यापेक्षा वेगळं कोणी काही करत नव्हतं.

"आणि ते बघ. कोपऱ्यात."

कोपऱ्यात एक काळपट कासव मान वर काढून पायरीवर चढायचा प्रयत्न करत होतं. पाठ गोल, मऊ कातड्याची, तिच्यावर पिवळसर ठिपके. चढायचं, वर जागा नसायची, मोठ्या लालरेघ्याचा धक्का लागायचा, परत पाण्यात. पुन्हा चढायचं. "हे आपलं, इथलं," ओवी म्हणाली. "सकाळपासून बसलेय, एवढं एकच दिसलं. ही लाल रेघेची परदेशातली जात आहे. उन्हाची जागा बळकावतात, बेडकांची पिल्लं, मासे, सगळं खाऊन टाकतात, नवे रोग आणतात. ती कुठंही जगतात गं. हे बिचारं दुसरीकडं कुठं जाईल?"

"मग तू सांग आजोबांना."

"मी नाही. त्यांचा चेहरा बघितलास ना?"

पण तिला राहवलं नाही. निघायच्या आधी ती अण्णांजवळ जाऊन बसली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणी बारवेत जी कासवं होती, ती कुठं असतात आता?"

"असतील की आत," अण्णा म्हणाले. "माझी आई नैवेद्यातला भात तिसऱ्या पायरीवर ठेवायची. घंटा वाजली की वर यायची सगळी. आम्ही पोरं मोजायचो आणि दरवेळी मोजणी चुकायची."

"दाखवा ना."

अण्णा पाण्याकडं बघायला लागले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. उठून पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथून वाकून बघितलं. मग ओवीनं हळूच सगळं सांगितलं. तिचं संपायच्या आतच ते कडाडले, "पुण्याला जाऊन मला बारव शिकवू नकोस!" पोरीवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. येताना एसटीत ते एकटे पुढच्या सीटवर जाऊन बसले.

तो आठवडा फार वाईट गेला. अण्णा समोर आलेलं मुकाट्यानं जेवायचे आणि खोलीत जायचे. ओवीनं वनखात्यात ओळख काढली, पुण्याच्या एका प्राणिसंस्थेला फोन केले. दोन्हीकडचे लोक तयार होते. जाळी लावून लालरेघी कासवं काढायची आणि सांभाळायला न्यायची. पण देवळाची बारव, गावाची श्रद्धा. गावानं नाही म्हटलं की संपलं. मला त्या कासवांपेक्षा अण्णांची काळजी जास्त होती, खोटं कशाला सांगू? बारवेतली कासवं वाचवायची म्हणजे या माणसाचे सोमवार काढून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वीचं ते मुकं घर मला परत नको होतं. ओवीवर चिडले, सुबोधवर चिडले. नव्या पेठेतला तो कासववाला समोर असता तर त्याला मी सोडलंच नसतं.

शनिवारी अण्णा आपणहून बाहेर आले आणि ओवीसमोर बसले. "एकच होतं म्हणालीस?"

"मला एकच दिसलं, आजोबा."

"मी दर सोमवारी जातो. त्याच पायरीवर बसतो. आणि मी बघितलंच नाही," ते म्हणाले. "बटण सोडून मी कुठं बघितलंच नाही."

मी मध्ये पडले. "अण्णा, तुम्ही कशाला पुढं होता? वनखात्याची माणसं गावाला समजावतील. तुमचं नावसुद्धा यायला नको. बटण कुठून आलं हे कोणाला कळायचं काय कारण?"

"त्यांचं कोण ऐकणार, वैदेही? ते कासव होतं. मी 'देवाची इच्छा' म्हणालो म्हणून ते देव झालं. गावात गुरवानं सांगितलेलं शेवटचं असतं. आता ते देवपण मलाच काढायला पाहिजे. मग पुन्हा त्या गावात माझा शब्द कोणी विचारला नाही तरी चालेल."

चालणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी सुबोधनं रजा टाकली आणि आम्ही सगळे गाडीनं गेलो. अण्णांनी आदल्या दिवशीच फोन करून आबासाहेबांना गाव गोळा करायला सांगितलं होतं. आबासाहेबांना वाटलं, गुरव काहीतरी मोठा दृष्टान्त सांगणार. त्यांनी हौसेनं माईक लावून ठेवला होता.

अण्णा माईककडं गेलेच नाहीत. ते पाण्याशी गेले, बटणला हातावर घेतलं आणि वर येऊन सगळ्यांना दिसेल असं धरलं. गावात शिरलं की त्यांची भाषा आपोआप गावची होते, तशी ती झाली.

"ऐका जरा. हे कुंकू न्हाय. ह्या जातीच्या कासवाला जन्मतःच अशी रेघ असती. परदेशातली जात हाय ही."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. अण्णांना वाटलं, दाखवल्याशिवाय पटणार नाही. त्यांनी धोतराचा पाण्यात भिजलेला सोगा धरला आणि ती लाल रेघ घासायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात. रेघ काय जाणार? उलट ओली होऊन आणखी लाल चमकायला लागली.

"बगा, बगा!" मागून कोणीतरी ओरडलं. "पुसलं तरी जात न्हाय!"

"हर हर महादेव!" कोणीतरी नारळ फोडला. बायका वाकून नमस्कार करायला लागल्या. आबासाहेब सद्गदित होऊन म्हणाले, "अण्णा, आज खात्रीच पटवून दिलीत की." ओवीनं कपाळावर हात मारला. सुबोध खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन उभा होता. कोणीतरी त्याला प्रसाद दिला होता आणि त्यानं तो घेतलाही होता! तशातही मला हसू फुटलं.

अण्णा मात्र हसले नाहीत. गलबला शांत होईपर्यंत ते थांबले.

"ह्याचं नाव बटण हाय," ते म्हणाले.

आता लोक हसले. कूर्मराजांचं नाव बटण!

"हसू नका. माझ्या घरचं कासव हाय हे. माझ्या नातीनं नव्या पेठेतनं आणलेलं. घरात मावंना म्हणून मी सोताच्या हातानं हितं सोडलं. आबासाहेब, तुमी मला इचारलं, तवा मी देवाची इच्छा म्हणालो. ते खोटं बोललो. गुरवाच्या तोंडानं खोटं बोललो."

हसणं जागच्या जागी थांबलं. मुक्ताबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, "कशापायी, अण्णा?"

अण्णांनी हातातल्या बटणकडं बघितलं. मग म्हणाले, "आमची ही गेल्यापास्नं कोण माझ्या जवळ येऊन बसत नव्हतं. तुमी सगळे येऊन बसाय लागला. बरं वाटलं मला. म्हणून गप बसलो."

मी खाली मान घातली. त्यांच्याच घरात, भिंतीपलीकडं राहत होते मी. पाण्याच्या पिंपावरून रोज बोलत होते, पण त्या टबाशेजारी आणखी एक स्टूल टाकून कधी बसले नव्हते. लाज वाटली मला, आणि ते एवढ्या लोकांसमोर बोलू शकले याचा अभिमानही वाटला.

"आन त्या बरं वाटण्यापायी," अण्णा पुढं म्हणाले, "आपली कासवं कुटं गेली ते मी बगितलंच न्हाय. आपल्या आया ज्यांना भात घालायच्या, ती. ती खरी ह्या बारवेची. ही लाल रेघेची त्यांना जगू देत न्हाईत. ही सगळी न्यायला माणसं येत्याली. त्यांना अडवू नका. माझ्यावर राग धरायचा तर धरा, पर त्यांना अडवू नका. आन पुन्यांदा कुणाला हितं कासव सोडू देऊ नका."

"आन माझा नातू?" मुक्ताबाईचा आवाज बारीक झाला होता. "मी ह्येला नवस बोलले, त्याचं काय?"

"अगं, तुझ्या सुनंनं नऊ महिने पोटात वागवला त्येला. त्यात बटणाचा काय हात?"

थोडे लोक हसले. सगळे नाही. आबासाहेब उठले आणि निघून गेले. त्यांच्यामागं आणखी काही जण गेले. जाताना एकजण मुद्दाम ऐकू येईल असं म्हणाला, "गुरवच खोटं बोलाय लागल्यावर कुणाचं खरं मानायचं?" अण्णांनी ते ऐकलं. ते तसेच उभे राहिले, कासव छातीशी धरून. बटण त्यांच्या सदऱ्यावर पाणी गाळत होतं.

त्याच आठवड्यात फ्लेक्स उतरला. वनखात्याची माणसं आली, जाळी लागली, गावातल्या चार तरण्या पोरांनी मदतही केली. लालरेघी कासवं पुण्याच्या संस्थेनं नेली. बटणलाही ते नेणार होते. मीच म्हणाले, "ते राहू द्या. आमचं आहे ते." सुबोधनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी त्याला तिथंच दम दिला. वनखात्याच्या साहेबांनी नीट बजावलं, घरातून बाहेर कुठंही सोडायचं नाही. आम्ही जुनी पाण्याची टाकी मधोमध कापून घेतली आणि गॅलरीत ठेवली. पाण्याच्या दिवशी आता बटणचं पिंप मी भरते. हिशोब करत नाही.

पण अण्णांनी गावाला जाणं बंद केलं.

"जाऊन या की," मी म्हणायची.

"कुठल्या तोंडानं जाऊ?" ते म्हणायचे. सोमवार आला की सकाळी लवकर उठायचे, अंघोळ करून तयार व्हायचे आणि मग गॅलरीत जाऊन बसायचे. मी माझा चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसायला लागले. आम्ही दोघं बटणकडं बघायचो. मी काहीबाही बोलायची, ते 'हं' म्हणायचे. माझ्या शेजारी बसण्यानं बारवेच्या पायरीची भरपाई होत नव्हती, हे मला कळत होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात मुक्ताबाई. एसटीनं आली होती, रिक्षावाल्याशी भांडून आली होती, तीन जिने चढून आली होती, आणि तिच्या हातात झाकण लावलेली बादली होती. अण्णा तिला बघून उभेच राहिले. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कुटं हाय त्यो?" तिनं मलाच विचारलं.

मी गॅलरी दाखवली. ती टाकीशी जाऊन बसली, कमरेची पिशवी सोडली आणि चुरमुरे पाण्यात टाकले. बटण पोहत आलं.

"मुक्ता," अण्णा मागून हळू म्हणाले, "अगं, मी सांगितलं होतं ना? देव नाही तो."

"देव न्हाय तर न्हाय," मुक्ताबाई वळून न बघता म्हणाली. "वळखीचा तर हाय की!"

मग ती नीट बसली, पाणी प्यायली आणि अण्णांना झापायला लागली. सोमवार मागून सोमवार चाललेत, तुमचा पत्ता नाही, ही काय रीत झाली? अण्णांनी विषय बदलला. "बारवेत आपली दिसतात का गं?"

"पायरीवर एक बसतंय उनाला. एकदा दोन हायत असं वाटलं. खरं सांगायचं तर मी वाकून बगितलं न्हाय, उगं भेलं असतं."

"आणि या बादलीत काय?" मी विचारलं.

तिनं झाकण काढलं. आत एक लालरेघी कासव, बशीएवढं. माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"वरडू नगं, ऐक तर," मुक्ताबाई म्हणाली. "परवा सोलापूरचा एक मानूस आला, ह्ये घिऊन. म्हणला, देवाच्या पायाशी सोडतो, पुण्य लागंल. आबासाहेब पायरीवर आडवे आले. म्हणले, हितं सोडायचं न्हाय. त्यो म्हणला, कुणाचा नियम हाय ह्यो? सरकारचा का? आबासाहेब म्हणले, सरकारचं आमाला म्हाईत न्हाय. आमच्या गुरवाचा शबुद हाय. मग त्यो बादली तितंच ठिवून गेला. तवा म्हणलं, अण्णांकडंच न्यावं, दुसरीकडं कुटं न्यायचं?"

अण्णा खुर्चीवर बसले.

"आबासाहेब म्हणाले?"

"व्हय."

"गुरवाचा शब्द आहे, असं म्हणाले?"

"व्हय की. म्होरं हात करून म्हणले."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून अण्णांचा आवाज आला, "मुक्ता, तो माणूस नियम कुणाचा म्हणाला, तेव्हा आबासाहेब काय म्हणाले?" तिनं पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी आबासाहेबांचा आवाज काढून. मी कप भरून बाहेर नेले तरी ते तेच विचारत होते आणि ती बाई न कंटाळता सांगत होती. मला रडू आवरेना. मी कप तसेच टेबलावर ठेवले आणि अण्णांना विचारलं, उद्या सकाळी किती वाजता उठवू?